पायाळू मोटार

खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. खाटेवरून उठले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बाई, जरा हसा बगू."

मी गोंधळून हसले. त्यांनी मान वाकडी करून माझे दात पाहिले आणि घराकडे तोंड करून वर्दी दिली, "अगं, निकोप हाय. चाल बी सरळ हाय. देऊन टाक खोली."

आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली. "मनावर घिऊ नका, बाई," ती म्हणाली. "मला बघाया आल्ते तवा बी ह्येंनी ह्येच केलं हुतं. माजा बाप काठी घिऊन उठला हुता."

मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याची. डोंगर, भात आणि पावसाळ्यात चार महिने न वाळणारे कपडे, एवढंच जग मला माहीत. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जामखेडला, आणि तीही दुष्काळाच्या ऐन वर्षात. निम्म्या मुली दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या, टँकर आला की उरलेल्या निम्म्या हंडे घेऊन पळायच्या. अशा दिवसांत कुणी आपल्याला निकोप म्हटलं, याचंही मला बरं वाटलं.

गाव त्यांना 'डागदर' म्हणत असे. ते डॉक्टर नव्हते. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून त्यांनी सारी नोकरी केली होती. कुणी डागदर म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करत, "डागदर न्हाई, पट्टीबंधक." पण कुणी नुसतं पट्टीबंधक म्हणून हाक मारली तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. मी त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला मामी. निवृत्त होताना मामांनी दवाखान्याचं सगळं सामान मोजून सरकारजमा केलं म्हणे, फक्त कानाला लावायची नळी तेवढी गळ्यातच राहून गेली. ती अंघोळीपुरती खाली उतरायची.

जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात असा त्यांचा पक्का समज होता, जित्या आणि मेलेल्या. जे हलतं, आवाज करतं, तापतं ते जितं. जितं आहे तोवर सोडायचं नाही, मेलं की दारात ठेवायचं नाही, हा त्यांचा सगळा धर्म. भिंतीवरच्या घड्याळाला ते दर सोमवारी नळी लावत. माझा स्टोव्ह एकदा भडकून भडकून विझायला लागला तर त्याच्या टाकीला नळी लावून त्यांनी निदान केलं, "आफरा झालाय. वारं कोंडलंय पोटात." मग पिन मारली. स्टोव्ह पेटला. वर मला पथ्य सांगितलं, "दोन दिस निस्ता चा करा ह्येच्यावर. भाकरी नको." आणि मी, बी.एस्सी. झालेली बाई, दोन दिवस खरोखर मामींच्या चुलीवर भाकरी भाजत होते.

या धर्मातलं त्यांचं सगळ्यात मोठं दैवत मागच्या पत्र्याच्या छपरात उभं होतं. लांब नाकाची, दोन वाटोळ्या दिव्यांची, दाराखाली पाय ठेवायला फळी असलेली काळी मोटार. तिची कंपनी मी जन्मायच्या आधीच बंद पडली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या एका गोऱ्या मॅडमची ती गाडी. त्या मॅडमची गाय अडली होती, मामांनी तीन तास खपून गाय आणि कालवड दोघींना वाचवलं. मायदेशी जाताना मॅडमनी गाडी मामांना देऊन टाकली. "गाईपायी मिळाली, तवा गाईसारखीच सांभाळायची," असं मामा म्हणत आणि खरोखर दर पोळ्याला तिच्या दिव्यांना हिंगूळ लावत.

नोकरीच्या काळात त्यांनी या गाडीतून तालुकाभर गुरं तपासली. त्यासाठी पुढची डावी सीट उपटून तिथं औषधांची पेटी ठोकून बसवली होती. त्यामुळे मामींची जागा कायम मागं. या गोष्टीचा मामींच्या मनात वीस वर्षांचा राग साठला होता, आणि तो त्या मला दुपारी शेंगा फोडता फोडता हप्त्याहप्त्यानं ऐकवत.

"माजं निम्मं आयुष्य ह्येंची मान बघन्यात गेलं, बाई. मानंवरचा तीळ मला तोंडापरीस जास्ती वळखू येतो. मागून मी काय बी बोलले तरी ह्ये म्होरं बघत निस्तं 'हां' म्हनायचे. एकदा पारख करायला म्हनलं, आवो, मी गाडीतून पडले. म्हनले, 'हां.'"

गाडीच्या सगळ्या अवयवांत मामांचा जीव एका गोष्टीत होता. गिअरची पेटी. इंजिनाचं बळ चाकांपर्यंत नेणारी, ओतीव लोखंडाची, आत दातेरी चाकं असलेली पेटी. ती मॅडमच्या काळापासून एकदाही उघडलेली नव्हती. प्रत्येक गिअरचा आवाज मामा तोंडानं काढून दाखवत. या प्रेमाला कारण होतं. लेक सहा महिन्यांची असताना बीडच्या वाटेवर घाट उतरताना गाडीचे ब्रेक गेले. मामी मागे, मांडीवर लेक. मामांनी एकेक गिअर खाली पाडत पहिल्यात आणला आणि पेटीनं गाडी धरली, ती थेट पायथ्यापर्यंत सोडली नाही. घाट संपला तेव्हा गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

"मी इचारलं, ब्रेक गेले का वो?" मामी सांगत. "ह्ये म्हनले, 'हां.'"

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी गाडीचं इंजिन पाण्याविना तापून उभं चिरलं होतं. छपराच्या खिळ्याला गाडीचा केसपेपर टांगलेला असे. त्यावर मामांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'रुग्ण: मोटार. हृदय बंद. बाकी अवयव निकोप, विशेषतः पेटी.'

ऐन चैत्रात मामींनी विषय काढला. मी ओट्यावर वह्या तपासत होते, मामा खाटेवर बसले होते.

"लेक बाळंतपनाला येनार. पयलं हाय. छप्पर मला पायजे."

"मंग गाडी?"

"जिती आसंल तर म्होरं लिंबाखाली हुबी करा. मेली आसंल तर भंगारवाल्याला सांगावा धाडा. दारात मेलेलं जनावर ठिवू नये, तुमीच सांगता लोकास्नी."

मामांचा स्वतःचाच धर्म त्यांच्या अंगावर आला होता. गळ्यातली नळी चाचपत त्यांनी विचारलं, "जिती का मेली, ह्ये ठरवायचं कसं?"

"आखितीच्या आत सोताच्या पायानं वेशीपत्तूर जाऊन यिऊ द्या. मी मागं बसून बघनार. ह्या बाई साक्षीदार."

अक्षय तृतीयेला तीन आठवडे होते. मी वह्यांत डोकं घातलं, पण साक्षीदार झाले ती झालेच.

मामा आधी नगरला एका गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, जीपचं इंजिन बसवू, त्याच्या मागं त्याचीच पेटी येईल, ही जुनी पेटी काढून फेका. मामा चहा अर्धा टाकून उठून आले. पुढचे दोन दिवस ते भेटेल त्याला विचारत होते, "बैल मेला तर दुसरा बैल आनावा. जू कशापायी जाळायचं?" विचारलेल्यांपैकी बहुतेकांना गाडीचं काहीच माहीत नव्हतं, पण जू जाळणं कुणालाच पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना उपाय सापडला. त्यांच्या तीन एकरांच्या तुकड्यातली विहीर केव्हाच आटली होती, आणि तिच्या काठावरचं डिझेल इंजिन, आदल्याच वर्षी घेतलेलं, रिकामं बसून होतं.

"हिरीला पानी न्हाई, इंजनाला काम न्हाई, गाडीला इंजन न्हाई," मामा म्हणाले. "सोयरीक जुळवायची फकस्त. पाऊस आला की इंजन परत हिरीवर."

जुळवायला आले रहीममिस्त्री. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरची इंजिनं त्यांनी बसवलेली. विजार, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. मोटारीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण ते मामांचे जुने दोस्त होते आणि नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "डागदरसाब, बसंल. पन नव्याचं तोंड आन जुन्याचं तोंड एक न्हाई."

खरी मेख तीच होती. पेटीतून पुढं आलेला दांडा इंजिनाच्या फिरत्या चाकाच्या बरोब्बर मध्यावर यायला हवा. केसाएवढा फरक पडला तरी पेटीचे दात झडणार. आणि पेटीची बोल्टांची भोकं एका मापाची, इंजिनाची भलत्याच. तेव्हा दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी ताटली हवी, जिची एका अंगाची भोकं याला जुळतील, दुसऱ्या अंगाची त्याला. रहीममिस्त्रींनी उसाच्या मोडक्या चरकाची लोखंडी प्लेट शोधून आणली आणि छपरात बसून ती कापायला, भोकं पाडायला घेतली. मामांनी सुरुवातीलाच अट घातली की पेटीला कानस लावायची नाही. जे घासायचं, कापायचं, भोक पाडायचं ते नव्या इंजिनाचं. नव्यानं जुन्याच्या मापाला यायचं.

"नव्या सुनंसारखं," रहीममिस्त्री म्हणाले, आणि आतून मामी मोठ्यानं खाकरल्या.

मापं घ्यायची मामांची पद्धत त्यांची स्वतःची होती. बैलाच्या छातीचा घेर घेतात तसा ते सुतळीनं घेर घेत आणि गाठ मारत. गाठींच्या अशा दहाबारा सुतळ्या छपरात टांगलेल्या असत, आणि कुठली सुतळी कशाची हे फक्त त्यांनाच माहीत. रहीममिस्त्री पेन्सिलीनं कागदावर लिहीत. दोघांची मापं जुळली नाहीत तर वाद होई, आणि सांगायला हरकत नाही, बहुतेक वेळा सुतळी बरोबर निघे. चाकाच्या मध्यात बसवायची, दांडा धरणारी पितळी बुशी त्यांनी तीनदा लेथवर कातून आणली. तिसऱ्यांदा दांडा तिच्यात असा सरकला की मामांनी रहीममिस्त्रींना मिठी मारली आणि दोघांच्याही सदऱ्याला ग्रीस लागलं.

इंजिन गार ठेवायला पाणी लागतं, आणि पाणी तर माणसांनाच नव्हतं. मामी म्हणाल्या, "प्यायचा थेंब देनार न्हाई." मग मामांनी माझ्या अंघोळीचं सांडपाणी फडक्यानं गाळून डब्यात साठवायला सुरुवात केली. मला आधी संकोच वाटला. नंतर मी स्वतःच अंघोळ झाल्यावर "मामा, पाणी" अशी हाक मारू लागले. इंजिन तापलं की अंगणात शिकेकाईचा वास सुटायचा.

इंजिन सुरू करायचं हँडल गाडीच्या नाकाशी आलं पाहिजे, म्हणून इंजिन त्या बेतानं बसवलं होतं. सगळे बोल्ट आवळून झाल्यावर मामांनी मला बोलावलं. "बाई, तुमी सायन्सवाल्या. एक नजर टाका."

मी पदर खोचला, वाकून पाहिलं, कशावर तरी बोटानं वाजवलं आणि म्हणाले, "ठीक वाटतंय." त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात मी दातेरी चाकं शिकवत होते. एक चाक उजवीकडे फिरलं तर त्याला भिडलेलं डावीकडे फिरतं, हे मुलींकडून घोकून घेत होते. त्यातलं काही त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असतं तर फार मोठं नुकसान झालं असतं, असं आता वाटतं. पण तेव्हा तसं वाटलं नाही.

तृतीयेला चार दिवस उरले असताना पहिली चाचणी झाली. गाडीचं नाक अंगणाकडे. गाडीच्या मागं, छपराच्या उघड्या बाजूला, मामींनी खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. लेकीसाठी जपून ठेवलेल्या गव्हाच्या. तीच जागा का, तर तिथं कधी कुणी फिरकत नसे आणि गाडी तर वर्षभर हलली नव्हती. रहीममिस्त्रींनी हँडल मारलं. इंजिन धडधडलं. मामांनी नळी लावून ऐकलं, "जिती हाय" असं जाहीर केलं, आत बसले, अंगणात जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पहिला गिअर टाकला.

गाडी मागं गेली. खाट मोडली, कुरडयांचा चुरा झाला. मामा म्हणाले, हात चुकला असेल, आणि दुसरा गिअर टाकला. गाडी आणखी जोरात मागं गेली आणि बाभळीच्या कुंपणात जाऊन थांबली.

मग रहीममिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. "डागदरसाब, माजी चूक झाली. हे उलटं फिरतंय."

ही चूक तीस वर्षं विहिरींवर काढलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. विहिरीवर इंजिन आणि पंप यांच्यामध्ये कातडी पट्टा असतो. पंप उलटा फिरायला लागला तर मिस्त्री एकच गोष्ट करतो, पट्ट्याला एक पीळ देऊन पुन्हा चढवतो. त्यामुळे कुठलं इंजिन कुठल्या अंगाला फिरतं, हे बघायची वेळ रहीममिस्त्रींवर कधी आलीच नव्हती. गाडीत पट्टा नव्हता. पेटीतले पुढं जायचे तिन्ही गिअर आता गाडी मागं नेत होते, आणि मागं न्यायचा एकुलता एक गिअर पुढं.

"इलाज हाय," रहीममिस्त्री म्हणाले. "मागच्या आसातलं मोठं चाक खोलून दुसऱ्या अंगाला बसवलं की सरळ हुईल. पन त्याला नगरहून मानूस आनावा लागंल. आठ-पंधरा दिस."

चार दिवस होते. मामा गाडीच्या फळीवर बसले. गळ्यातली नळी त्यांनी काढून हातात घेतली होती. मी त्यांना एवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या त्या 'ठीक वाटतंय'ची मला फार लाज वाटली. मामी मोडक्या खाटेजवळ बसून तुटलेल्या कुरडया वेचत होत्या. त्या रागावल्या नाहीत. "भाजी हुईल ह्येची," एवढंच म्हणाल्या. पण अट मागं घेते असंही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांनी नळी पुन्हा गळ्यात घातली आणि मामींसमोर उभे राहिले. "वेशीपत्तूर जाऊन यायचं ठरलंय. तोंड कुनीकडं करून, ह्ये ठरलं न्हाई."

कुंपणाशी बघे जमलेच होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "उलटं जानं म्हंजी काय जानं न्हवं, डागदर."

मामा त्याच्याकडे वळले. "तुमच्या म्हशीचं रेडकू पायाकडनं आलं हुतं. मीच वढलं. आज ती दूध देती का न्हाई? पायाळू आलं म्हनून जन्मलंच न्हाई म्हनाल का?"

मामी म्हणाल्या, "लेक बाळंतपनाला यायचीय, जरा शुभ बोला." मग त्यांनी लुगडं सारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "चला बाई. बसू."

आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. गाडीमागचं कुंपण सारून रहीममिस्त्री रस्त्यात उभे राहिले, म्हणजे गाडीच्या मागं, म्हणजे आमच्या जाण्याच्या दिशेनं पुढं, आणि दोन्ही हात हलवत "आन द्या, आन द्या" म्हणू लागले. मामांनी पहिला गिअर टाकला, एक हात सीटच्या पाठीवर ठेवला आणि पूर्ण वळून मागं तोंड केलं. मागच्या काचेतून रस्ता बघायचा तर दुसरा उपायच नव्हता. काचेच्या आणि त्यांच्या मध्ये मामी होत्या.

गाडी निघाली. लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. मामा काचेतून रस्ता बघत होते. मारुतीच्या देवळापर्यंत त्यांनी रस्ताच पाहिला. मग एकदम म्हणाले, "अगं, तुजे केस कवा पिकले?"

"तुमी गाडी आनली तवापासून."

"आन कानातली फुलं कुठायत?"

"लेकीच्या लग्नात तिला घातली. तीन वर्सं झाली."

"मला म्हनली न्हाईस."

"म्हनले हुते," मामी म्हणाल्या. "लग्नाहून परत येताना, गाडीत. तुमी 'हां' म्हनला."

मामा मामींच्या कानांकडे बघत राहिले. रहीममिस्त्री ओरडले, "डावीकडं, डावीकडं, साब, गटार!" आणि गाडी गटारातून वाचली. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या दोघांच्या मध्ये आपण नसावं असं मला तीव्रतेनं वाटत होतं, आणि उतरावं असं मात्र अजिबात वाटत नव्हतं.

वेस आली. गाडीनं शेपूट वेशीतून बाहेर काढलं आणि थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रहीममिस्त्री घाम पुसत जवळ आले आणि म्हणाले, "आता मागचा गिअर टाका, साब. तोंड घराकडंच हाय. सरळ म्होरं बघत घरी जाल."

ते खरं होतं. त्या एका गिअरमध्ये गाडी सावकाश, नाकासमोर, सभ्यपणानं घरी गेली असती. मामांनी मामींकडे पाहिलं, गिअरच्या दांड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको. त्या गिअरला दम न्हाई. गाडी वळवू."

आठ माणसांनी ढकलून, पुढं-मागं करून त्या अरुंद जागेत गाडी वळवली. पंधरा मिनिटं लागली. आणि मामा पुन्हा सीटच्या पाठीवर हात टाकून, वळून बसून, उलटेच घरी निघाले. विज्ञान शिकवणाऱ्या मला एवढं पक्कं माहीत होतं की पेटीतल्या सगळ्या गिअरांत जास्तीत जास्त दम त्याच गिअरला असतो. रहीममिस्त्रींनाही ते आतापर्यंत कळलं असावं. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

गाडी लिंबाखाली उभी राहिली. मामींनी उतरून तिच्या दिव्याला कुंकवाचं बोट लावलं आणि भंगारवाल्याचा विषय संपला. लेक आली, छपरात तिची सोय झाली, तिला मुलगी झाली. रोज उन्हं कलली की मामा आणि मामी गाडीतून वेशीपर्यंत जात आणि परत येत, दोन्ही वेळा उलटे. गाव आधी हसलं, मग सवयीनं बाजूला सरू लागलं.

दहाबारा दिवसांनी रहीममिस्त्री खुशीत आले. नगरचा माणूस यायला तयार होता, एका दिवसात गाडी सरळ होणार होती. मामा शेताकडे गेले होते. मामींनी मिस्त्रींना चहा दिला, आणि ते कपात फुंकर मारत असताना म्हणाल्या, "भावजी, घाई न्हाई. पाऊस आल्यावर बगू."

पाऊस आल्यावर इंजिन पुन्हा विहिरीवर जाणार होतं. हे मिस्त्रींना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मामींना तर होतंच. मिस्त्री चहा संपवून "बरं, भाबी" म्हणाले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी तेव्हा लग्नाची होते, स्थळं येत होती. कुणाचा हेवा करायचा तर तालेवार घरांचा करायचं वय ते. मला या दोघांचा वाटला.

सुट्टी संपता संपता माझी बदली राहात्याला झाली. निघायच्या दिवशी मी केसपेपर वाचायला छपराशी गेले. जुन्या ओळीखाली नव्या शाईत लिहिलेलं होतं, 'प्रकृती उत्तम. चाल: उलटी. इलाज: नको.'

एसटी स्टँडपर्यंत सोडायला गाडीच काढली. माझी ट्रंक औषधांच्या पेटीवर ठेवली. मी आणि मामी मागे बसलो. मामांनी सीटच्या पाठीवर हात टाकला आणि आमच्याकडे तोंड करून गाडी सोडली. पाऊस अजून पडला नव्हता. मामी नातीचं काहीतरी सांगत होत्या, तिला कुणाचं नाक आलंय वगैरे, आणि मामा ऐकत होते. एकदाही 'हां' म्हणाले नाहीत. काचेतून ते बघतच नव्हते. मी गुपचूप मान वळवली आणि स्टँड येईपर्यंत "मामा, उजवीकडं घ्या, मामा, पुढं बैलगाडी आहे" असं सांगत राहिले, कारण रस्ता बघायला आमच्या तिघांपैकी कुणीतरी हवंच होतं.